दोन साहेब आणि मी एकटा

ऑफिसात माझ्याकडे दोन साहेबांकडून काम यायचं आणि दोघांनाही ते 'आजच' हवं असायचं. मी दोघांनाही 'हो, करतो' म्हणायचो आणि संध्याकाळी दोघांचीही बोलणी खायचो. वर्षभर वाटत होतं, माझाच वेग कमी पडतोय. लवकर येऊन पाहिलं, जेवणाची सुट्टी बुडवून पाहिली. फरक शून्य.

मग एका सोमवारी साधी एक्सेल शीट केली : काम, कुणी दिलं, कधीपर्यंत हवं, अंदाजे किती तास. बेरीज केली तर ४० तासांच्या आठवड्यात ५८ तासांचं काम! ती शीट दोघांना एकाच मेलमध्ये पाठवली. खरी गोम इथेच आहे. वेगवेगळी पाठवली की प्रत्येक जण आपलंच काम वर ढकलतो. तक्रारीचा सूर नाही, फक्त एक प्रश्न : 'यातलं आधी काय करू, आणि काय पुढे ढकललं तर चालेल?'

मेल पाठवताना पोटात गोळा आला होता, खोटं कशाला सांगू. पण ते दोघं आपापसातच बोलले. तीन कामं पुढच्या आठवड्यात गेली. एक काम तर कुणालाच नको होतं!

आता दर सोमवारी शीट जाते. मध्येच 'अर्जंट' आलं की 'नाही' म्हणत नाही. 'करतो, मग यातलं कोणतं मागे सारू?' एवढंच विचारतो. तासांचे अंदाज मात्र अजून चुकतात, म्हणून मनात येईल त्याच्या दीडपट लिहितो.