कर्नल म्हणजे काजूगर नव्हे: एसव्हीएमचं गणित वहीवर कसं सोडवायचं

काजूच्या धंद्यात गराला कर्नल म्हणतात. डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० असे ग्रेड असतात आणि तो आकडा म्हणजे एका पौंडात साधारण किती गर बसतात तो. त्यामुळे फोंड्याहून भाच्याचा फोन आला, "मामा, परवा व्हायवा आहे, कर्नल ट्रिक समजावून सांग ना", तेव्हा मागून ताई म्हणाली, काजूत आणि कसली रे ट्रिक? हसून झालं, पण खरं सांगायचं तर भाच्यालाही तिच्यापेक्षा फार जास्त कळलं नव्हतं. एसव्हीएम म्हणजे सपोर्ट व्हेक्टर मशीन, डेटाचे दोन गट वेगळे करायची मशीन लर्निंगची पद्धत, आणि कर्नल ट्रिक तिच्यातलीच. त्याने सायकिट-लर्नमध्ये (पायथनची तयार लायब्ररी) तिच्या दोन ओळी टाकल्या, स्कोर चांगला आला, स्वारी खूश. मी म्हटलं लॅपटॉप बंद कर, वही काढ. खाली लिहिलंय ते त्या दिवशी फोनवर झालं तेच, जरा नीट करून. डॉट प्रॉडक्ट येत असेल तर पुरे.

आधी रस्ता आखायचा. आमच्या वाड्यावर रस्ता रुंद करायला मोजणीवाले आले होते तेव्हा टेप लागली ती कडेच्या दोन घरांना आणि एका तुळशीवृंदावनाला, मागे माडांत जी घरं आहेत त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही बघितलं नाही, कारण रस्ता किती रुंद होणार ते कडेची घरंच ठरवतात. एसव्हीएम हेच करतं. दोन गटांच्या मधून जाईल तेवढा रुंद रस्ता काढतं आणि मधली पांढरी रेघ म्हणजे निकालाची सीमा. कडेची घरं म्हणजे सपोर्ट व्हेक्टर.

वहीवर (१,१) ला उणे आणि (३,३) ला अधिक असे दोन ठिपके काढा. रेघेचं समीकरण व·क्ष + ब = ०, यात व हा रेघेला काटकोनात उभा व्हेक्टर, क्ष म्हणजे ठिपका आणि ब एक साधा आकडा. अट अशी की अधिकवाल्या ठिपक्यावर डावी बाजू +१ किंवा जास्त यायला हवी आणि उणेवाल्यावर −१ किंवा कमी. मग रस्त्याची रुंदी होते २ भागिले व ची लांबी, म्हणजे रस्ता रुंद करायचा तर व आखूड करायचा, म्हणून सगळीकडे "व च्या लांबीच्या वर्गाचा अर्धा कमीत कमी करा" असं लिहिलेलं असतं, त्यात गूढ काही नाही. इथे व = (½, ½) आणि ब = −२. घालून बघा, (१,१) वर १ − २ = −१, (३,३) वर ३ − २ = १. रुंदी २√२, म्हणजे २.८३ च्या आसपास, आणि त्या दोन ठिपक्यांतलं अंतरही नेमकं तेवढंच. आता (२,५) वर अजून एक अधिक टाका. तिथे ३.५ − २ = १.५ येतं, १ च्या वर, म्हणजे हे माडांतलं घर. ठेवा नाहीतर खोडा, रस्ता हलत नाही.

पुढची पायरी बहुतेक जण उडवतात आणि मग कर्नल कुठून आला ते आयुष्यभर कळत नाही. अटी आहेत म्हटल्यावर लॅग्रांज मल्टिप्लायर (अटी सांभाळून कमीत कमी काढायची युक्ती) आले, प्रत्येक ठिपक्याला एक अल्फा मिळतो, शून्य किंवा त्याहून मोठा. डेरिव्हेटिव्ह शून्य धरले की दोन गोष्टी हाती लागतात: एक, व म्हणजे (अल्फा × खूण × ठिपका) यांची बेरीज, खूण म्हणजे +१ किंवा −१, आणि दोन, (अल्फा × खूण) यांची बेरीज शून्य. आपल्या उदाहरणात दोन्ही अल्फा ¼ येतात, ¼(३,३) − ¼(१,१) = (½, ½), जुळलं. (२,५) चा अल्फा शून्य. आता हे सगळं मूळ समीकरणात परत घातलंत तर उरतं ते असं: सगळ्या अल्फांची बेरीज, वजा अर्धं गुणिले प्रत्येक जोडीचे अल्फा, खुणा आणि त्या दोन ठिपक्यांचा डॉट प्रॉडक्ट यांच्या गुणाकारांची बेरीज, आणि हे जास्तीत जास्त करायचं. इथे जरा थांबा आणि बोटाने शोधा की ठिपके स्वतः कुठे दिसतात का. एकटे कुठेच नाहीत, दरवेळी जोडीने, डॉट प्रॉडक्टच्या आत. भाच्याला मी ही ओळ तीनदा वाचायला लावली, तो कंटाळला, पण कर्नलची सगळी गंमत या एका ओळीत आहे.

आता आंबे. मानकुराद आढीत घातलेत, तिसऱ्या दिवशी कच्चा, पाचव्या आणि सातव्याला फक्कड, नवव्याला उतरलेला (आकडे सोयीचे घेतलेत, तुमच्या आईचं मत वेगळं असणारच). सहावा दिवस मध्य धरून लिहू: −३ उणे, −१ अधिक, १ अधिक, ३ उणे. एका सरळ रेषेवर चार ठिपके, चांगले मधे आणि वाईट दोन्ही टोकांना, कुठेही एक काप मारून हे वेगळे होत नाहीत. मग प्रत्येकाला एक जास्तीचा कॉलम द्या, क्ष चा वर्ग. ठिपके झाले (−३,९), (−१,१), (१,१), (३,९). चांगले सगळे खाली १ च्या उंचीवर, वाईट वर ९ वर, मधे ८ रुंदीचा आडवा रस्ता, डोळ्यांनीच दिसतो. सूत्र येतं ५/४ − क्ष²/४. सीमा √५ वर, म्हणजे मध्यापासून साधारण २.२४ दिवस इकडे आणि तेवढेच तिकडे. आठव्या दिवसाचा आंबा म्हणजे क्ष = २, उत्तर ०.२५, चांगला पण रस्त्याच्या आत आलेला, आजच खा.

आता तेच वर्गाचा कॉलम न बनवता करू. डॉट प्रॉडक्टच्या जागी (क्ष·य + १)² घाला. कंस सोडवा, १ + २क्षय + क्ष²य², म्हणजे हा गुपचूप (१, √२क्ष, क्ष²) या तीन कॉलमांचा डॉट प्रॉडक्टच आहे, फक्त ते कॉलम आपण लिहिले नाहीत. चारही अल्फा १/६४ घ्या. मग (१−क्ष)² + (१+क्ष)² − (१−३क्ष)² − (१+३क्ष)² याला ६४ ने भागायचं, वरची बेरीज −१६क्ष² उरते, भागून −क्ष²/४, त्यात ब = ५/४ मिळवा. तेच सूत्र आलं, आणि आपण वरच्या मजल्यावर पाऊलही न ठेवता! हीच ट्रिक. तीन कॉलमांत फायदा जाणवत नाही हे कबूल, पण शंभर फीचर (मूळ कॉलम) आणि पाचवी घात घेतलीत तर कॉलम कोटींच्या घरात जातात आणि कर्नल मात्र एक डॉट प्रॉडक्ट आणि एक घात, बस्स.

मग काय, कुठलंही फंक्शन टाकलं तरी चालतं का? नाही हो. दोन बिंदूंमधलं अंतरच कर्नल म्हणून घेऊन बघा: ० आणि १ हे बिंदू, टेबल होतं ०, १, १, ०. त्याला दोन्ही बाजूंनी (१, −१) ने गुणलं की −२ येतं. जे कुठल्यातरी जागेतल्या लांबीचा वर्ग असायला हवं ते ऋण आलं म्हणजे तशी जागाच नाही, बाद. कुठलेही बिंदू घ्या आणि कसलेही आकडे घेऊन गुणा, हे उत्तर कधीच ऋण येता कामा नये, ही कसोटी. जेम्स मर्सरचा १९०९ चा प्रमेय याच्याशीच जोडलेला आहे, आणि "कर्नल" हा शब्द त्याच्याही आधी हिल्बर्टच्या इंटिग्रल समीकरणांतल्या "केर्न" वरून आलाय. आणि इथे आपल्याला कॉलर ताठ करायला एक जागा आहे: अशाच कर्नलचे आयगेनफंक्शन घेऊन रँडम फंक्शन सुटं करायची जी पद्धत जगभर कारहुनेन-लोएव्ह नावाने शिकवतात, ती १९४३ मध्ये आपल्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी मांडली होती, जन्म १९०७, गोव्यातलाच. लोक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतात, मूळ गडी गणिताचा. एसव्हीएममध्ये कर्नल आला तो बराच नंतर, १९९२ साली बोसर, गुयॉन आणि वापनिक यांच्या पेपरात.

१९९५ मध्ये कोर्टेस आणि वापनिक यांनी ढिली अट आणली, कारण खऱ्या डेटात एखादा आंबा चौथ्याच दिवशी सडतो. चूक चालेल पण दंड पडेल, दंडाचा दर म्हणजे सी. वहीवर फरक एवढाच की अल्फाला वरून सी चं छप्पर लागतं. आपल्या आंब्यांत सी १/६४ पेक्षा कमी ठेवलात तर वरचं उत्तर मिळणारच नाही.

आता आरबीएफ (रेडियल बेसिस फंक्शन) हा कर्नल, ज्यावर सगळे डोळे झाकून उडी मारतात: ई चा घात −गॅमा × अंतराचा वर्ग. गॅमा १ धरला तर अंतर १ ला ०.३७, अंतर २ ला ०.०१८, पुढे जवळजवळ शून्य. यात मी सपशेल आपटलोय. एकदा काजूगरांची ग्रेड ओळखायचा खेळ केला, लांबी सेंटीमीटरमध्ये आणि वजन मिलिग्रॅममध्ये, गॅमा हाताने १. डब्ल्यू-२४० चा गर साधारण १८९० मिलिग्रॅम, डब्ल्यू-३२० चा १४२० च्या आत-बाहेर, म्हणजे एकाच ग्रेडच्या दोन गरांतही दहावीस मिलिग्रॅमचा फरक सहज. दहाचा वर्ग १००, ई चा घात −१००, म्हणजे शून्यच म्हणा. प्रत्येक गर आपापल्या बेटावर एकटा. ट्रेनिंगवर १०० टक्के, मी चहा करून आलो, आणि नवा गर कुठलाही टाका, सगळे कर्नल शून्य म्हणून उरतो फक्त ब, सगळ्यांना एकच ग्रेड! दोन दिवस मी कोडमध्ये बग शोधत होतो. तेव्हा आधी प्रत्येक कॉलममधून सरासरी वजा करा, स्टँडर्ड डेव्हिएशनने भागा, आणि हे दोन्ही आकडे ट्रेनिंगच्या डेटातूनच काढा, टेस्टला तेच लावा. गॅमाचं डिफॉल्ट "स्केल" थोडं सांभाळून घेतं पण लांबीचा कॉलम तरी बुडतोच. सी आणि गॅमा दोन्ही दहाच्या पटीत हलवून क्रॉस-व्हॅलिडेशनने (ट्रेनिंगचा थोडा डेटा आळीपाळीने बाजूला ठेवून त्यावर तपासून) निवडा. आणि डेटा लाखांत असेल तर कर्नलच्या वाटेला जाऊ नका, ठिपके दुप्पट झाले की वेळ चौपट ते आठपट होतो.

शेवटी लॅपटॉप उघडा. चार आंबे टाका, पॉली कर्नल (वरचा (क्ष·य + १)² तोच), डिग्री २, गॅमा १, कोएफ-झीरो १ (कंसातला + १, डिफॉल्ट ० असतो, तो बदला), सी १. डिसिजन फंक्शन २ वर ०.२५ च्या जवळ यायला हवं. अल्फा मात्र १/६४ आले नाहीत तर मला शिव्या घालू नका. क्ष = १ ला १/३२, ३ ला १/४८, −३ ला १/९६ आणि −१ ला शून्य घेऊन व काढून बघा, तोच येतो. चारही आंबे रस्त्याच्या कडेलाच आहेत, भार कोणी किती उचलायचा ते त्यांनी आपसात वाटून घेतलं तरी रस्ता तोच.