आईला घेऊन तालुक्याला जाण्याआधी

गेल्या नोव्हेंबरात एका शुक्रवारी मी आईला घेऊन तालुक्याला गेले होते. कामं तीनच होती: पेन्शनच्या हयात यादीवर (पेन्शन घेणारा जिवंत आहे हे दाखवायची बँकेतली यादी) सही, बँकेतलं केवायसी, आणि आधारला तिचा मोबाइल नंबर जोडणं. सकाळी सातला घर सोडलं, संध्याकाळी सातला परत आलो, आणि तिन्हीतलं एकही काम झालेलं नव्हतं. आई 78 वर्षांची आहे. घरी आल्यावर तिने पायांना तेल लावलं आणि न जेवता झोपली. त्या रात्री मी वहीत लिहून काढलं, कुठलं काम नेमकं कशावरून अडलं ते. ज्यांना म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन अशा फेऱ्या कराव्या लागतात, त्यांच्यासाठी ते इथे देते आहे.

घर सोडायच्या आठवडाभर आधी मोबाइल बघा. कागदपत्रं नंतर. आपल्या घरांत बँक, गॅस, आधार, विजेचं बिल, सगळीकडे वडिलांचा नंबर दिलेला असतो. आमच्याकडेही तसंच होतं. वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते; ते गेल्यावर आईला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं. त्यांचा फोन आम्ही कपाटात ठेवला, रिचार्ज कोणी केला नाही, आणि सिम बंद पडलं. बँकेच्या खिडकीवर त्या मुलीने विचारलं, "आजी, ओटीपी आला असेल, सांगा." आई माझ्याकडे बघत राहिली. ओटीपी वडिलांच्या नंबरवर गेला होता. मी रांगेतून बाजूला झाले, तेव्हा मला रडू आवरत नव्हतं. म्हणून सांगते, घरातलं माणूस गेलं तरी त्यांचं सिम चालू ठेवा. निदान सगळीकडचा नंबर बदलून होईपर्यंत तरी रिचार्ज करत राहा. बंद पडलेला नंबर कंपनी 90 दिवसांनंतर दुसऱ्या कोणाला देऊ शकते, आणि मग आपल्या खात्याचे मेसेज परक्या माणसाकडे जाऊ लागतात. नंबर चालू असतानाच मृत्यूचा दाखला आणि वारसाचं ओळखपत्र घेऊन मोबाइल कंपनीच्या गॅलरीत गेलात, तर तो घरातल्या माणसाच्या नावावर करून मिळतो. आम्हीही त्या दिवशी गॅलरीत गेलो होतो. मूळ दाखला घरी होता.

एक कागद घ्या आणि आई किंवा वडिलांचा कुठला नंबर कुठे दिलेला आहे ते लिहा. बँक, आधार, पॅन, गॅस, एलआयसी. नंबर माहीत नसेल तर पासबुक छापून घ्या किंवा बँकेत नुसतं विचारून या. त्यासाठी म्हाताऱ्या माणसाला न्यायची गरज नसते. हा कागद झाला की कामांचा क्रम आपोआप दिसतो. आधी हातात चालू सिम, मग आधारला तो नंबर, मग बँक. आम्ही नेमके उलटे गेलो होतो. हयात यादीवरची सही मात्र यातल्या कशावरच अवलंबून नाही, म्हणून ती पहिल्या फेरीतच उरकून टाकायची. मी ती शेवटी ठेवली होती, "ते काय, दोन मिनिटांचं काम" म्हणून.

राज्य सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांची यादी कोषागार बँकेकडे पाठवतं आणि नोव्हेंबरात आपल्या नावासमोर सही किंवा अंगठा करायचा असतो. महिना संपेपर्यंत ती झाली नाही तर डिसेंबरपासूनचं निवृत्तिवेतन थांबतं. ज्या शाखेत पेन्शन जमा होते त्याच शाखेत यादी असते, घराजवळच्या दुसऱ्या शाखेत नाही. नावासमोर पॅन आणि मोबाइल नंबरही लिहायचा असतो. आमचं पॅन कार्ड घरी राहिलं होतं. मी घरी फोन करून नंबर मिळवला तोवर जेवणाची सुट्टी झाली, आणि सुट्टीनंतर यादी ज्यांच्या टेबलावर असते ते साहेब बाहेर गेले होते. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी शाखेत फोन करून तीनच प्रश्न विचारा: यादी आली आहे का, ती कोणाकडे असते, आणि ते उद्या किती वाजेपर्यंत जागेवर आहेत. फोन उचलत नसतील तर गावातून रोज तालुक्याला जाणारा कोणीतरी असतोच, दूधवाला, कॉलेजचा मुलगा, त्याला विचारून यायला सांगा.

बँकेपर्यंत जाणं झेपणारच नसेल, तर जीवन प्रमाणचा, म्हणजे आधारवरून निघणाऱ्या डिजिटल हयातीच्या दाखल्याचा मार्ग आहे. केंद्र सरकारने तो नोव्हेंबर 2014 मध्ये सुरू केला. आता हा दाखला चेहरा दाखवून फोनवरच्या ॲपमधूनही काढता येतो. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक, खाते क्रमांक आणि आधार आधी एका कागदावर लिहून घ्या, कारण ॲप मध्येच हे मागतं आणि शोधाशोध करेपर्यंत सगळं पहिल्यापासून भरावं लागतं. टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेचे पोस्टमन हेच काम घरी येऊन 70 रुपयांत करून देतात. आधारला मोबाइल नंबर जोडायची सोयही त्यांच्याकडे 2021 पासून आहे. मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर आईचा तो दिवस वाचला असता, म्हणून हे मी भेटेल त्याला सांगते. गावच्या पोस्टमनला गाठून त्याच्याकडे मशीन आहे का, तो कधी येऊ शकेल, एवढं विचारा.

नंबर जोडायला आधार केंद्रावरच जायचं असेल तर दोन गोष्टी. टोकन किती वाजता आणि किती मिळतात ते आधी कळायला हवं. आमची साडेसातची एसटी आलीच नाही, नऊची मिळाली, आणि आम्ही पोचलो तोवर त्या दिवसाची टोकनं संपली होती. आईला गावातच ठेवून मी एकटी पहाटे जाऊन रांगेत उभी राहिले असते आणि तिला नंतर भावाने आणलं असतं, तर काम झालं असतं. दुसरी गोष्ट बोटांची. आयुष्यभर भांडी घासलेल्या, सारवण केलेल्या, विळ्याने गवत कापलेल्या बायकांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. मशीन त्या घेत नाही आणि तिथे बसलेला मुलगा वैतागून "आजी, नीट दाबा" म्हणत राहतो. आजी नीटच दाबत असते. चार-पाच दिवस आधीपासून रात्री बोटांना खोबरेल तेल चोळा, जायच्या सकाळी साबणाने धुऊन कोरडी करा. तरीही नाही घेतली तर डोळ्यांवरून घ्यायला सांगा. ती सोय असते, पण आपण म्हणावं लागतं. नंबर जोडायला कुठलाही पुरावा लागत नाही, माणूस स्वतः हजर लागतो. शुल्क 75 रुपये आहे. पावती मागून घ्याच.

कागदांची पिशवी आदल्या संध्याकाळी भरा, सकाळी नाही. मूळ आधार, पॅन, पासबुक, पीपीओची प्रत, वडिलांचा मृत्यूचा दाखला मूळ आणि दोन प्रती, पासपोर्ट आकाराचे चार फोटो. प्रत्येक कागदाच्या तीन-तीन झेरॉक्स गावातूनच काढून न्या. तालुक्याला बाजाराच्या दिवशी लाइट गेली की झेरॉक्सवाला हात वर करतो, आमच्यावर ती वेळ आली. प्रतींवर आईची सही घरीच, टेबलाशी बसवून, सावकाश करून घ्या. खिडकीशी उभं राहून, मागे रांग असताना म्हाताऱ्या माणसाची सही बिघडते, आणि "सही जुळत नाही" हे वाक्य तिथूनच सुरू होतं. निळ्या शाईचं आणि काळ्या शाईचं अशी दोन पेनं, तिचा जवळचा चष्मा, आणि दहा-वीसच्या नोटा. फोन पूर्ण चार्ज करा.

दिवस निवडताना दुसरा आणि चौथा शनिवार बँका बंद असतात हे बहुतेकांना माहीत असतं. सरकारी कार्यालयांना मात्र 2020 च्या 29 फेब्रुवारीपासून सगळेच शनिवार सुट्टी आहे. शुक्रवारही टाळा. शुक्रवारी एखादं काम अर्धवट राहिलं की थेट सोमवारवर जातं. मंगळवार किंवा बुधवार बरा. काही राहिलं तर दुसऱ्या दिवशी परत जाता येतं.

सातबारा आणायचा म्हणून त्याच फेरीत तलाठ्याकडेही जाऊ असं माझ्या मनात होतं. त्याची गरज नव्हती. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत मिळतो आणि तो चालतो.

आता आईबद्दल. त्या शुक्रवारी तिने सकाळच्या चहानंतर दिवसभर पाणी प्यायलं नाही. मला ते दुपारी चारला कळलं. "मग जायचं कुठे?" म्हणाली. स्टँडवरच्या मुतारीची अवस्था तिला ठाऊक होती. तिला साखरेची गोळी असते, जेवणानंतरची, तीही चुकली. म्हणून माझ्या यादीत हे आता इतर सगळ्याच्या वर आहे: तालुक्याच्या गावात कोणाचं तरी घर हवं. नातेवाईक नसेल तर वडिलांच्या ओळखीचे, माहेरचे, मैत्रिणीची सासू, कोणीही. आदल्या दिवशी फोन करून सांगायचं, "आई दोन तास तुमच्याकडे टेकेल." कोणी नाही म्हणत नाही, उलट वरणभात लावून ठेवतात. आई तिथे बसेल, पाणी पिईल, गोळी घेईल, आणि खिडकीपाशी नंबर आला की तिला बोलवायचं. डबा आणि गोळ्या तरीही पिशवीत हव्यातच. जाता-येता एसटीत तिचं मूळ आधार हाताशी ठेवा. 75 वर्षांवरच्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, पण वयाचा पुरावा दाखवावा लागतो. पिशवीच्या तळाशी हात घालत ती उभी राहिली की गाडीत पडायची भीती. परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा लिहून ठेवा आणि त्यातली आधीची पकडायची असंच धरून चाला.

पुढच्या मंगळवारी आम्ही पुन्हा गेलो. मी पहाटेच्या गाडीने गेले, टोकन घेतलं, भाऊ आईला दहा वाजता घेऊन आला. अकरा वाजायच्या आत यादीवर सही झाली. आधारला डाव्या हाताची बोटं घेतली, उजव्याची नाही, मग डोळे घेतले. दुपारी ती मावशीच्या नणंदेकडे जेवली आणि थोडी झोपलीही. केवायसी अजून राहिलं आहे. आधारची पावती मी पासबुकातच ठेवली आहे. नंबर जोडल्याचा मेसेज आला की तेवढ्याच एका कामासाठी जायचं.