मुलांच्या अन्ननलिकेतील गाठ : निदान करताना या चुका टाळा

सोलापुरात मुलाने कडक भाकरी बाजूला सारली की घरचे तो हट्ट समजतात. पण तेच मूल भाकरी आमटीत कुस्करून दिल्यावर नीट जेवत असेल, तर डॉक्टरांनी तपासणी लिहून देण्यापूर्वी ही हकीकत शांतपणे ऐकून घ्यावी. घट्ट घास अडतो आणि पातळ पदार्थ सहज उतरतो, हे वाटेतील अडथळ्याचे लक्षण असते. अ‍ॅकॅलेशियात (अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा स्नायू सैल न पडण्याचा आजार) बहुधा दोन्ही अडतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे बेरियमच्या चित्रावरच (बेरियमचे द्रव पाजून काढलेल्या एक्स-रेवरच) थांबणे. अन्ननलिकेचे खालचे टोक निमुळते दिसले की ‘अ‍ॅकॅलेशिया’ असा अहवाल दिला जातो. परंतु लायोमायोमा ही स्नायूंची, कर्करोग नसलेली गाठ मुलांमध्ये पुष्कळदा एका जागी न राहता भिंतीत लांबवर पसरते आणि जवळजवळ तसेच चित्र उभे करते. अरुंद झालेला भाग लांब असेल किंवा जठराच्या तोंडाशी दाब दिसत असेल, तर सी.टी. किंवा एम.आर.आय.वर भिंतीची जाडी पाहिलीच पाहिजे. अशा मुलाची लघवी रक्तासाठी तपासावी आणि ऐकू येण्याचीही चाचणी करावी, कारण या पसरलेल्या गाठीबरोबर अल्पोर्ट सिंड्रोम (मूत्रपिंड आणि श्रवण बिघडवणारा आनुवंशिक आजार) असू शकतो. साध्या लघवीच्या तपासणीने मूत्रपिंडाचा आजार वेळेत कळणार असेल, तर ती राहून जाणे मला अक्षम्य वाटते.

एन्डोस्कोपीत अस्तर निरोगी दिसले म्हणूनही निश्चिंत होऊ नये, कारण गाठ अस्तराखाली असते. तेथे घाईने बायोप्सी घेतल्यास बहुधा केवळ अस्तरच हाती येते, आणि व्रण धरल्यामुळे पुढे गाठ सोलून काढताना अस्तर फाटण्याचा धोका वाढतो. एन्डोस्कोपिक अल्ट्रासाउंड उपलब्ध असेल, तर गाठ भिंतीच्या कोणत्या थरातील आहे हे त्यावर कळते.

आपल्याकडे क्षयाच्या गाठी नेहमी आढळत असल्याने छातीच्या एक्स-रेतील सावलीवर क्षयाचा संशय येणे स्वाभाविक आहे. मात्र ती जन्मजात ड्युप्लिकेशन सिस्टही (अन्ननलिकेला लागून असलेली द्रवाची पिशवी) असू शकते. सिस्टमधील द्रव दाट असल्यास सी.टी.वर ती भरीव गाठीसारखी भासते, अशा वेळी एम.आर.आय.च्या टी-२ चित्रांत (यांत द्रव उजळ दिसतो) तिची चकाकी खुलासा करते. सिस्टचा संशय असेल तर पाठीच्या मणक्यांकडेही पाहावे, कारण सोबत मणक्यांतही जन्मजात दोष असू शकतो.

मुलाला पुण्या-मुंबईला पाठवताना केवळ अहवाल न देता बेरियमची सर्व चित्रे आणि स्कॅनची सीडी सोबत द्यावी.