बंगाली टंकायचं तर कानावर विसंबू नका

बंगाली शिकणाऱ्या किंवा बंगालीतून अनुवाद करू पाहणाऱ्या मराठी माणसाला त्या लिपीत टंकायची वेळ लवकरच येते. कोशात शब्द शोधायचा असतो, मूळ उतारा टिपून ठेवायचा असतो, लेखकाला त्याच्या भाषेत चार ओळी लिहायच्या असतात. यासाठी वेगळा कळफलक पाठ करावा लागत नाही. साधा इंग्रजी कीबोर्ड पुरतो.

मी संगणकावर अभ्र हा प्रोग्राम वापरते. इंग्रजी अक्षरं दाबली की तो बंगाली उमटवतो. बांगलादेशात मेहदी हसन खान यांनी वैद्यकीय शिक्षण घेत असताना 2003 मध्ये तो आणला आणि फुकट ठेवला. ‘भाषा होक उन्मुक्त’ हे त्याचं ब्रीद. 2025 मध्ये त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एकुशे पदक हा बांगलादेशाचा मोठा नागरी सन्मान मिळाला, तेव्हा मला घरच्या माणसाचा सत्कार झाल्यासारखा आनंद झाला. विंडोजवर एफ-12 दाबलं की बंगाली, पुन्हा दाबलं की इंग्रजी. फोनवर रिद्मिक हे कीबोर्डचं ॲप आहे, जीबोर्डही चालतो. पुढचे नियम अभ्रचे आहेत. इतर ठिकाणी थोडेफार फरक पडतात.

मराठी हातांना पहिली अडचण येते ती ‘अ’ची. आपण ‘कलम’ लिहायला के-ए-एल-ए-एम टंकतो. इथे तसं केलं तर ‘कालाम’ उमटतं, कारण ए म्हणजे थेट ‘आ’. ‘अ’साठी स्मॉल ओ: के-ओ-एल-ओ-एम. मधला ओ गाळला तर के आणि एल जुळून ‘क्ल’ होतो. कॅपिटल ओ म्हणजे ‘ओ’ची मात्रा. च हवा असेल तर नुसता सी. सी-एच टंकलं की छ येतो. चहाला ‘चा’ म्हणतात, तो सी-ए. ट-ठ-ड-ढ-ण कॅपिटलने, त-थ-द-ध-न स्मॉलने. रफार हवा तर आर दोनदा: ‘धर्म’ म्हणजे डी-एच-ओ-आर-आर-एम-ओ. एकच आर दिला तर र सुटा राहतो, आणि ‘करते’सारख्या क्रियापदांत तो सुटाच हवा असतो.

आता मुख्य गोष्ट. या पद्धतीला उच्चारानुसारी म्हणतात, पण टंकायचं ते लेखन. बंगालीत श, ष, स हे तिन्ही बहुतेक वेळा ‘श’सारखेच ऐकू येतात, ण आणि न यांतही फरक ऐकू येत नाही. लक्ष्मीचा उच्चार ‘लोक्खी’, आत्म्याचा ‘आत्ता’, स्वाधीनचा ‘शाधीन’. जसं ऐकलं तसं टंकलं तर शब्द चुकतोच. मात्र हे शब्द मराठीत कसे लिहितात ते तुम्हाला आधीच ठाऊक आहे, आणि बंगाली लेखन बहुतेक तेच आहे! फक्त व आणि ब यांना तिथे एकच अक्षर आहे. तेव्हा डोळ्यांपुढे देवनागरी शब्द आणा आणि तो टंका. ‘विश्वविद्यालय’ घ्या. उच्चार साधारण ‘बिश्शोबिद्दालॉय’. टंकायचं बी-आय-एस-एच-डब्ल्यू-ओ, मग बी-आय-डी-वाय-ए-एल-ओ-वाय. श नंतरचा डब्ल्यू खालचा व जोडतो, द नंतरचा वाय य जोडतो, शेवटचा वाय स्वरानंतर आल्यामुळे टिंबवाला य होतो. ‘यदि’ कानाला ‘जोदि’ वाटलं तरी झेडनेच सुरू करायचं, कारण य झेडवर आहे.

हा आधार तत्सम शब्दांपुरता. ‘काज’ हा शब्द ‘कार्य’वरून आला असला तरी त्यात ज च लिहितात. घरगुती, रोजच्या शब्दांचं लेखन वाचून वाचूनच डोळ्यांत बसतं. त्यातही कॅपिटल आरकडे विशेष लक्ष द्या: तो ड खाली टिंब असलेलं अक्षर देतो. ‘बाड़ि’ म्हणजे घर, ‘बारि’ म्हणजे पाणी. ‘पड़ा’ म्हणजे वाचणं, ‘परा’ म्हणजे अंगात घालणं. आपल्या कानाला हा फरक सुरुवातीला निसटतो. म्हणून नवा शब्द वहीत उतरवताना मी तो बंगाली लिपीतच उतरवते.

चंद्रबिंदूसाठी शिफ्ट धरून 6. ‘हठात्’च्या शेवटी येणाऱ्या खंड-त साठी टी आणि पुढे दोनदा ती 1च्या डावीकडची खूण. पूर्णविरामाचं बटण आपोआप दंड देतं, आकडेही बंगाली उमटतात.

इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकावर मराठी टंकणाऱ्यांना मात्र माझा सल्ला वेगळा आहे. त्यांनी उच्चारानुसारीच्या वाटेला जाऊच नये. बंगाली इन्स्क्रिप्टमध्ये क त्याच जागी, त त्याच जागी. बोटांना नवं शिकावं लागत नाही.

आणि एखाद्या प्रकाशकाकडून आलेली जुनी फाइल उघडल्यावर नुसती चित्रविचित्र चिन्हं दिसली, तर घाबरू नका. ती बहुधा विजय या बंगाली टंकनाच्या प्रोग्रामच्या जुन्या, युनिकोडपूर्व पद्धतीत टंकलेली असते. आपल्याकडच्या जुन्या श्रीलिपी फायलींसारखीच. युनिकोडमध्ये बदलून देणारे परिवर्तक फुकट मिळतात. मजकूर बदलून झाला की जोडाक्षरं आणि रफार मुळाशी ताडून पाहा, गडबड झाली तर ती बहुधा तिथेच सापडते.