बुटकं लाकडी स्टूल: लाकूड आणण्याआधीचा आराखडा

आधी उंची ठरवा, आणि ती बसून ठरवा. पाट, विटा, जाड वह्या एकावर एक रचा आणि ज्या कामासाठी स्टूल हवं ते काम त्यावर बसून पाच-दहा मिनिटं करून बघा. भाजी निवडायला, कपडे धुवायला बहुतेकांना १० ते १२ इंच सोयीचे पडतात. इथे ११ धरू.

बैठक १४ × १० इंच, जाडी सव्वा इंच, लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेने. पाऊण इंची फळी स्वस्त पडते, पण पायाचं कुसू, म्हणजे फळीच्या भोकात बसणारं बारीक केलेलं टोक, तिच्यात जेमतेम पकड घेतं आणि स्टूल ओढलं-सरकवलं की सांधा ढिला होतो. पाय तीन की चार? तीन पायांचं स्टूल खडबडीत जमिनीवरही डुगडुगत नाही, त्यामुळे अंगणात, गोठ्यात तेच चांगलं. मात्र वजन दोन पायांमधल्या रेषेच्या बाहेर गेलं की ते उलटतं. घरात मुलं वापरणार असतील तर चारच ठेवा.

आता पुठ्ठ्यावर खऱ्या मापाचं चित्र काढा, समोरून आणि बाजूने. छोट्या कागदावर पायाचा तिरकेपणा फसवतो. दोन्ही चित्रांत पाय १० अंश बाहेर झुकवा. बैठकीखाली पावणेदहा इंच उरतात. तेवढ्यात पाय दोन्ही दिशांना सुमारे १४ सूत, म्हणजे पावणेदोन इंच बाहेर जातो. म्हणून फळीच्या खालच्या अंगाला भोकाचा मध्य दोन्ही कडांपासून २ इंच आत घ्या. पायाचं टोक मग बैठकीच्या कडेच्या जवळपास खाली टेकतं. ते फार आत राहिलं तर कडेला बसताच स्टूल कलंडेल. फार बाहेर गेलं तर येता-जाता पाय अडकेल.

पाय दीड इंच जाड, वरचं कुसू १ इंच गोल, फळीच्या आरपार जाणारं. कुशात वरून पाचर ठोकायची ती बैठकीच्या रेषांना आडवी. पाचर रेषांच्याच दिशेत बसवली तर ती फळी चिरते, म्हणून पाचरेची रेघ चित्रातच मारून ठेवा.

फळीला बाक येऊ नये म्हणून खालून आडवी पट्टी सरसाने पक्की करू नका. लाकूड रुंदीत फुगतं-आकसतं, लांबीत जवळपास नाही. पावसाळ्यात फुगलेली फळी उन्हाळ्यात आकसू लागते, पट्टी तिला अडवते आणि फळीला चीर पडते. सव्वा इंच जाडीला पट्टीची गरजही नाही.

वखारीत सुका साग मागा. तो कमी फुगतो-आकसतो. कापण्या-रंधण्यात जाणाऱ्या घटीसकट पाव घनफूट पुरतो. बैठकीची फळी दीड इंची घ्या, कारण रंधा मारताना दोन सूत सहज जातं. पायांचे तुकडे मात्र स्वतः निवडा. रेषा वरपासून खालपर्यंत सरळ हव्यात. त्या तिरक्या बाहेर पडत असतील तर पाय कुशापाशी मोडतो, मग लाकूड कितीही महाग असो. पायाचं लाकूड बैठकीपेक्षा किंचित जास्त सुकं असेल तर उत्तम: ते भोकात फुगून घट्ट बसतं. उलट झालं तर कुसू आकसून खुळखुळतं.

हिशेबाने पाय कुशासह साडेअकरा इंचांच्या आतच येतो, तरी १२ इंच कापा. जोडणी झाल्यावर सपाट फरशीवर स्टूल ठेवून पायांखाली पातळ पाचरा सरकवा, बैठक समतल करा. मग एका ठोकळ्यावर पेन्सिल आडवी धरून चारही पायांवर एकाच उंचीची रेघ फिरवा आणि त्या रेघेवर कापा.