मिरचीच्या रोपांचं उष्टावण

घरात दिव्याखाली वाढवलेली रोपं उपाशी मरत नाहीत, खाऊन खाऊन मरतात, हे मला २२ रोपं घालवल्यावर कळलं. पावसाळ्यात आमच्या पुण्यातल्या गॅलरीत ऊन नावालाही येत नाही म्हणून आतल्या खोलीत कपाटाच्या एका कप्प्याला एलईडी ट्यूब लावून ज्वाला मिरचीचं बी टाकलं होतं, रोपं मस्त आलेली, प्रत्येकी चार चार पानं, आणि मी उत्साहात कृषी सेवा केंद्रातून १९:१९:१९ ची (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) एक किलोची पिशवी आणली, माहितीपत्रकात लिटरला ५ ग्रॅम वाचलं आणि चहाचा एक चमचा शीगोशीग भरून लिटरभर पाण्यात ढवळून सगळ्यांना पाजलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पानांची टोकं विझवलेल्या बिडीसारखी तपकिरी. ते ५ ग्रॅम शेतातल्या वाढलेल्या पिकावर फवारायला होते, आणि मी ते चार पानांच्या पोरांच्या मुळाशी ओतले. पाच वाचली.

म्हणून पहिली गोष्ट, घाई करू नका. बी उगवल्यावर जी दोन गुळगुळीत पानं येतात ती खरी पानं नाहीत, ती त्याची शिदोरी आहे, पहिले दहा-पंधरा दिवस रोप त्यावरच जगतं. बाळाला सहा महिन्यांच्या आधी आपण वरणभात भरवतो का? तसंच. खऱ्या पानांची दुसरी जोडी नीट उघडली की मग उष्टावण करायचं, त्याआधी फक्त पाणी. आणि मातीतच गांडूळखत असेल तर त्यानंतरही आठवडा-दोन आठवडे काही लागत नाही.

मातीचं म्हणाल तर रोपांसाठी मी चाळलेली पोयटा माती दोन भाग, धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक भाग आणि गांडूळखत एक भाग घेतो. धुतलेलं हे मुद्दाम लिहितोय, कारण स्वस्तातल्या कोकोपीटच्या विटेत कधी कधी मीठ बरंच असतं, दोन-तीनदा भिजवून पिळून पाणी टाकून द्या. शेणखत घालायचं तर पूर्ण कुजलेलं, हातात घेतल्यावर मातीचा वास यायला हवा, शेणाचा आला तर ते बाहेरच्या मोठ्या कुंडीला ठेवा.

आता डोस. सुरुवात लिटरला अर्धा ग्रॅम १९:१९:१९, बस. पण किचनच्या काट्यावर अर्धा ग्रॅम दिसतच नाही, त्यामुळे सरळ १० ग्रॅम मोजा आणि पाणी घालून एक लिटरची बाटली भरा, हे झालं घट्ट पाणी. त्यातलं ५० मिली घेऊन साधं पाणी घालून लिटर करा, म्हणजे बरोबर अर्धा ग्रॅम पडलं. खोकल्याच्या औषधाबरोबर १० मिलीचं माप येतं ना, ते धुऊन ठेवा, पाच मापं घातली की काम झालं. बाटली अंधारात ठेवा, दोन आठवड्यांत संपवा आणि तिच्यावर मार्करने ठळक लिहा, आमच्याकडे ती फ्रीजशेजारी ठेवली होती त्यावरून जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही.

हे पाणी आठवड्यातून एकदाच, तेही माती आधी किंचित ओली असताना. कोरड्या मातीत खताचं पाणी गेलं तर मुळांना चटका बसतो, अर्ध्या मेल्या रोपाला टॉनिक म्हणून खत देणारे इथेच फसतात. वरून शिंपडायचं नाही, बुंध्यापासून जरा लांब हळू आळवणी करायची, म्हणजे मुळाशी ओतायचं, खालच्या भोकातून थोडं पाणी आलं की थांबायचं आणि ताटलीतलं पाणी फेकून द्यायचं. मधल्या दिवसात साधं पाणी, तेही बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घालून कोरडं लागलं तरच. पावसाळ्यात घरातली कुंडी चार चार दिवस सुकत नाही, मग त्या आठवड्यात खताला सुट्टी. सहा-सात पानं झाली, नवं पान आधीच्यापेक्षा मोठं येतंय असं दिसलं की लिटरला एक ग्रॅमपर्यंत जा, त्यापुढे मी घरात कधीच जात नाही.

घरी वॉटर प्युरिफायरचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा) असेल तर नळाचं किंवा बोअरचं पाणी मोजून बघा, बोअरचं ५००-६०० च्या पुढे असेल तर आधीच क्षार भरपूर आहेत, पावसाचं पाणी मिसळा. पण खताच्या पाण्यात मीटर बुडवून निश्चिंत होऊ नका. १९:१९:१९ मधला निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतो आणि युरिया त्या मीटरला दिसतच नाही, त्यामुळे आकडा कमी येतो आणि आपण अजून अर्धा चमचा ढकलतो.

पानं बघायला शिका, तेच खरं मीटर. खालची जुनी पानं सगळीच्या सगळी फिकट पिवळी पडली तर नत्र कमी, तेव्हा खुशाल द्या. नवीन शेंड्याची पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाहीये, आणि बऱ्याचदा ते मातीत असतं पण जड पाण्यामुळे रोपाला घेता येत नाही, तिथे १९:१९:१९ वाढवून उपयोग नाही, चिलेटेड लोह (रोपाला सहज घेता येईल अशा रूपातलं) चिमूटभर चालतं. जुन्या पानांत शिरांच्या मधला भाग पिवळा म्हणजे मॅग्नेशियम कमी, लिटरला एक ग्रॅम एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) एकदा देऊन दहा दिवस वाट बघा. पण एप्सम आणि कॅल्शियम नायट्रेट एकाच घट्ट पाण्यात कधी घालू नका, खाली पांढरा गाळ बसतो आणि दोन्ही वाया. पानं गडद हिरवी, वरून खाली वळलेली, पंज्यासारखी, म्हणजे नत्र जास्त झालाय. आणि रोप उंच बारीक होऊन आडवं पडत असेल तर ती भूक नाही, उजेड कमी आहे, ट्यूब वीतभर अंतरावर आणा आणि दिवसाला चौदा-सोळा तास चालू ठेवा. अशा रोपाला खत दिलं तर ते अजून लांबतं.

सेंद्रियवाल्यांसाठी, मीही निम्मा सेंद्रियच आहे. मूठभर गांडूळखत लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळून द्या, रोपांना सहसा जाळत नाही. केळीची सालं, चहाचा चोथा, शेंगदाणा पेंड हे मात्र घराबाहेर, बंद खोलीत पेंड भिजवली की तिसऱ्या दिवशी शेजारी बेल वाजवतात, आणि कुंडीवर टाकलेल्या चोथ्यात ती बारीक काळी चिलटं अंडी घालतात, त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात.

जास्त झालंच तर, म्हणजे टोकं करपली किंवा मातीवर पांढरा थर आला, तर वरचा थर चमच्याने खरवडून काढा आणि कुंडीच्या दुप्पट-तिप्पट साधं पाणी हळूहळू ओतून खालून निथळू द्या, मोरीत ठेवून केलं तर पसारा होत नाही. नंतर दोन आठवडे खत बंद. करपलेलं टोक परत हिरवं होत नाही, त्याकडे बघत बसू नका, नवं पान कसं येतंय ते बघा. माझ्या त्या पाचांपैकी एक अजून आहे, खालची तीन पानं तशीच भाजलेली होती ती गळून गेली आणि गेल्या मार्चमध्ये तिला एवढ्या मिरच्या आल्या की सोसायटीत वाटाव्या लागल्या.