घरी अल्ट्रालाइट (अगदी हलकं छोटं विमान) बांधायचंय? इंजिन आधी घेऊ नका

दर जुलैत ऑशकॉशचा विमानांचा मेळा झाला की इकडे अमेरिकेतल्या आपल्या मंडळींपैकी कोणाचा तरी फोन येतोच, की अरे एक जुनं रोटॅक्स ५०३ (दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन) स्वस्तात मिळतंय, घेऊन टाकू का, विमानाचं नंतर बघू. नका घेऊ. मी हेच केलं होतं, आणि ते इंजिन दोन वर्षं गॅरेजमध्ये पडून राहिलं कारण मला जे लाकडी विमान आवडलं त्याला ते जड पडत होतं.

सगळा खेळ वजनाचा आहे. इथल्या अल्ट्रालाइटसाठीच्या पार्ट १०३ नियमात एकच सीट, रिकामं वजन २५४ पाउंडांच्या आत म्हणजे साधारण ११५ किलो, पेट्रोल ५ गॅलन, वेग जास्तीत जास्त ५५ नॉट (ताशी सुमारे १०० किमी) आणि स्टॉल, म्हणजे ज्या वेगाखाली पंख विमानाला पेलू शकत नाहीत तो वेग, २४ नॉटच्या आत, एवढं पाळलं की लायसन्स नको नि रजिस्ट्रेशनही नको. विमानासकट खाली आणणारं पॅराशूट लावलं तर त्याचे २४ पाउंड वेगळे धरतात, ते जरूर लावा. भारतात मात्र ही सूट नाही, तिथे डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) परवानगी लागतेच. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांना नोंदणी मिळायला २०१७ उजाडलं, अर्थात त्यांचं सहा सीटचं होतं.

आता डिझाइन. तुम्हाला हाताने काय जमतं ते बघा. सुतारकाम येत असेल तर मिनिमॅक्स हे लाकडी विमान, पण त्याची बरीच मॉडेल्स आहेत आणि सगळी १०३ मध्ये बसत नाहीत, नीट विचारून घ्या. वेल्डिंग येत असेल तर लीगल ईगल, त्याची बॉडी स्टीलच्या नळ्यांची आणि पंख लाकडाचे. दोन्ही नको असेल तर क्विकसिल्व्हरसारखं नट-बोल्टवर जुळणारं किट. स्वतःचं वजनही खरं सांगा, कपडे-हेल्मेटसकट.

इंजिन मात्र डिझायनरने सांगितलंय तेच, यात स्वतःची अक्कल चालवू नका ही कळकळीची विनंती. दहा हॉर्सपॉवर जास्त मिळतात म्हणून मोठं इंजिन टाकलं की नुसतं वजन वाढत नाही, तोल पण सरकतो, आणि क्विकसिल्व्हर किंवा कोल्ब या विमानांसारखं इंजिन मागे असेल तर विमान शेपटीकडे जड होतं, ते नाक जड होण्यापेक्षा कितीतरी वाईट, कारण स्टॉल झाल्यावर नाक खाली येईलच याची खात्री राहत नाही.

टू-स्ट्रोक हलकं आणि ताकदवान, पण लाड करावे लागतात. ५० भाग पेट्रोलमध्ये १ भाग ऑइल, दोन्ही सिलिंडरना एक्झॉस्ट टेम्परेचरचं मीटर, आणि थंडीत पुरतं गरम होईपर्यंत टेकऑफ नाही. घाई केली तर पिस्टन लवकर फुगतो, सिलिंडर अजून गारच असतो, आणि इंजिन जॅम. मी स्पार्क प्लग काढून उजेडात धरतो, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा तपकिरी असेल तर मिक्श्चर ठीक, पांढरा दिसला तर हवा जास्त जातेय, त्या दिवशी उडायचं नाही. ५०३ ला कंपनी ३०० तासांनी ओव्हरहॉल सांगते, तो खर्च आधीच धरा.

फोर-स्ट्रोक हवं असेल तर फोक्सवॅगनचं इंजिन अर्धं कापून केलेलं दोन सिलिंडरचं मिळतं, लीगल ईगल त्यावरच उडतं. रोटॅक्सचंच फोर-स्ट्रोक ९१२ उत्तमच, पण वजनामुळे १०३ मध्ये विसरा.

इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुन्या फायबरग्लासच्या टाक्या आणि रबरी नळ्या खराब होतात, म्हणून सेकंडहँड विमान घेताना नळी वाकवून, भेगा बघून तपासा.

आणि विमानाच्या ड्रॉइंगला (नकाशांना) पैसे देण्याआधी तेच विमान बांधलेला कोणी शोधा, त्याच्याकडे जाऊन कॉकपिटमध्ये हेल्मेट घालून अर्धा तास बसा, पाय पेडलपर्यंत नीट पोचतात का, स्टिक मागे ओढली की पोटाला लागते का, आणि बेल्ट लावलेला असताना इंजिन बंद करायचं स्विच हाताला येतं का ते बघा.